प्रायोगिक एंजिन : आउग्सबुर्गच्या कारखान्यापासून विहिरीच्या काठापर्यंत

विहिरीच्या काठावर पत्र्याच्या आडोशाला बसविलेले एका सिलिंडरचे तेल-एंजिन महाराष्ट्रातील शेतकऱ्यास नवीन नाही. विजेचे पंप आता गावोगाव पोहोचले आहेत. तरीही जेथे वीज वेळेवर मिळत नाही, किंवा ऐन उन्हाळ्यात उसाची पाण्याची पाळी चुकवून चालत नाही, तेथे हेच एंजिन कामास येते. हँडल मारले की ते चालते आणि बिघडले की मिस्त्रीला बोलावणे जाते. त्याच्या पोटात काय घडते याचा विचार सहसा होत नाही.

वास्तविक या जातीचे पहिले एंजिन विकण्यासाठी केलेलेच नव्हते. ते केवळ प्रयोगाकरिता योजलेले, एकाच सिलिंडरचे एंजिन होते. जवळजवळ चार वर्षे ते जोडले जात होते, मोडले जात होते आणि पुन्हा बदलून जोडले जात होते. त्या चार वर्षांत जे दोष उघडकीस आले, तेच थोड्याफार फरकाने आजही विहिरीवरच्या एंजिनात आढळतात व शेतकऱ्याच्या खिशातून तेलाचे पैसे काढून नेतात. म्हणून प्रायोगिक एंजिन कसे योजतात आणि त्यावर काय मोजतात, हे ग्रामसेवकांनी व शेतकरी बंधूंनी समजावून घेण्यासारखे आहे.

प्रयोग एकाच सिलिंडरवर का?

संशोधन केंद्रावर नवे बियाणे पारखावयाचे असले तर ते एकदम शंभर एकरांत पेरीत नाहीत. लहान वाफे आखतात. शेजारच्या वाफ्यात जुने बियाणे ठेवतात. जमीन, पाणी व खत सारखे ठेवून एकच गोष्ट बदलतात आणि मग उत्पन्नाचा फरक कशामुळे पडला हे निश्चित सांगता येते. एका सिलिंडरचे प्रायोगिक एंजिन हा एंजिन तयार करणाऱ्याचा वाफाच होय.

चार किंवा सहा सिलिंडरच्या एंजिनात एखादा सिलिंडर नीट काम करीत नसला तरी बाकीचे त्याला ओढून नेतात. जड नांगराला जुंपलेल्या चार बैलांपैकी एकाने अंग चोरले तरी नांगर पुढे सरकतोच, आणि अंग चोरणारा बैल कोणता हे ओळखावयास वेळ लागतो. एकाच सिलिंडरात अशी लपवाछपवी चालत नाही. शिवाय दट्ट्याचा आकार बदलून पाहावयाचा असेल तर एकच दट्ट्या ओतावा लागतो. चूक झाली तर एकाचेच नुकसान होते. नव्या गोष्टीत चुका होणार हे धरूनच चालावे लागते, तेव्हा चूक स्वस्तात कशी करता येईल हा विचार योजनेच्या प्रारंभीच करणे शहाणपणाचे ठरते.

अर्थात एका सिलिंडरचे तोटेही आहेत. दट्ट्याच्या चार धावांपैकी एकाच धावेत शक्ती निर्माण होते. उरलेल्या तीन धावा आधी मिळालेल्या वेगावर पार पाडाव्या लागतात. त्यासाठी जड फ्लायव्हील लागते आणि यंत्र हादरते म्हणून पायाही भक्कम लागतो. सिलिंडर हवा एकसारखी न ओढता घोटाघोटाने ओढतो. म्हणून हवा मोजावयाची असल्यास तिच्या वाटेवर मोठे पिंप बसवितात, म्हणजे पिंपाच्या तोंडाशी प्रवाह शांत राहतो. घर्षणात किती शक्ती खर्ची पडते हे पाहण्यासाठी इंधन बंद करून तेच एंजिन विजेच्या मोटरीने फिरवितात व मोटरीला किती जोर लागला ते मोजतात. ही सारी सोय यंत्राचा आराखडा काढतानाच करावी लागते. मागाहून ती नीट बसत नाही.

आउग्सबुर्गचे एंजिन

रुडॉल्फ डिझेल यांचा जन्म १८५८ साली पॅरिस येथे एका जर्मन कुटुंबात झाला. म्यूनिक येथे शिकत असता त्यांचे गुरू कार्ल फोन लिंडे यांनी एका व्याख्यानात सांगितले की, वाफेचे एंजिन कोळशातील उष्णतेपैकी शेकडा सहा ते दहा भागांचेच काम करून दाखविते. बाकीची उष्णता वाया जाते. ही गोष्ट त्या विद्यार्थ्याच्या मनात घर करून राहिली. हवा सिलिंडरात इतकी दाबावी की ती आपोआप तापून लालभडक होईल, आणि त्या तापलेल्या हवेत इंधन सोडावे, म्हणजे ठिणगीवाचून ते पेट घेईल, अशी त्यांची कल्पना होती. सायकलचा पंप जोराने मारला असता तो तळाशी गरम होतो, हा अनुभव सर्वांना आहे. कल्पनेचे मूळ तेच, केवळ दाब कितीतरी पटींनी अधिक.

या कल्पनेचे जर्मन पेटंट त्यांना १८९२ सालच्या अर्जावरून मिळाले. १८९३ मध्ये त्यांनी त्यावर पुस्तक लिहिले. त्यात हवा २५० वातावरणांपर्यंत दाबावी असा हिशेब मांडला होता. एक वातावरण म्हणजे दर चौरस सेंटिमीटरवर सुमारे एक किलोग्रॅम भार. एवढा दाब सोसणारे यंत्र त्या काळी कोणालाही करता आले नसते. हिशेबात आणखी एक गोम होती. सिलिंडरास थंड करण्याची गरजच पडणार नाही, उष्णतेचा एक थेंबही वाया जाणार नाही, असे त्यांनी गृहीत धरले होते.

आउग्सबुर्ग येथील यंत्रकारखाना व क्रुप कंपनी यांनी मदत देण्याचे मान्य केल्यावर १८९३ च्या उन्हाळ्यात पहिले प्रायोगिक एंजिन उभे राहिले. सिलिंडरचा व्यास १५० मिलिमीटर व दट्ट्याची धाव ४०० मिलिमीटर होती. सिलिंडरभोवती पाण्याचे आवरण ठेवले नव्हते. एंजिन स्वतःहून चालण्याजोगे नसल्यामुळे कारखान्याच्या शाफ्टवरून पट्टा घालून ते फिरवीत. प्रथम इंधन न सोडता नुसती हवा दाबून पाहिली, तेव्हा ठरविलेल्या मापापर्यंत दाब चढेना. दट्ट्याच्या कडेने व झडपांच्या बैठकीतून हवा निसटत होती. कागदावर न दिसणारी ही गळती होती. डिझेल यांच्या प्रयोगातील पहिला धडा हाच, आणि गावातील मिस्त्रीचा आजचा पहिला प्रश्नही हाच असतो : दाब धरतो काय?

१० ऑगस्ट १८९३ रोजी प्रथमच त्यात इंधन सोडण्यात आले. त्यासरशी मोठा स्फोट झाला. दाब ८० वातावरणांच्या पुढे गेला आणि दाब मोजण्यासाठी वर बसविलेला इंडिकेटर फुटून त्याचे तुकडे उडाले. जवळ उभी असलेली माणसे थोडक्यात वाचली. एंजिन चालले नाही, परंतु दाबलेल्या हवेत इंधन स्वतः पेटते हे सिद्ध झाले. यंत्र भक्कम करण्यावर जो खर्च केला होता तो त्या एका क्षणात वसूल झाला असे म्हणावयास हरकत नाही. हलक्या चौकटीचे यंत्र असते तर प्रयोग व प्रयोग करणारे दोन्ही संपले असते.

त्यानंतर यंत्र उलगडून बदलले गेले. इंधन नुसते ढकलले तर ते नीट फुटून बारीक होत नाही, म्हणून जोरदार दाबलेल्या हवेच्या झोतासरशी ते आत फुंकण्याची पद्धत स्वीकारली. १७ फेब्रुवारी १८९४ रोजी यंत्राजवळ उभ्या असलेल्या एका कारागिराच्या ध्यानात आले की, एंजिनाला ओढणारा पट्टा एकाएकी सैल पडला आहे. शाफ्ट एंजिनाला फिरवीत नसून एंजिन शाफ्टला पुढे रेटीत होते. त्याने काही न बोलता डोक्यावरची टोपी काढली. त्या दिवशी ते एंजिन आपल्या बळावर सुमारे एक मिनिट चालले. त्या मिनिटात त्याचे ८८ फेरे झाले.

एक मिनिट चाललेले एंजिन आणि काम करणारे एंजिन यांच्यामध्ये आणखी तीन वर्षे गेली. २५० वातावरणांचा आकडा केव्हाच मागे पडला होता. तीस-पस्तीस वातावरणांच्या आसपासचा दाब पुरेसा होतो असे प्रयोगाने दाखविले. पाण्याचे आवरणही आले, कारण त्यावाचून दट्ट्या व सिलिंडर टिकत नाहीत हे उघड झाले. ज्या तत्त्वासाठी पेटंट घेतले होते त्यातील मुख्य हिशेबच प्रायोगिक एंजिनाने खोडून काढला, आणि डिझेल यांनी तो खोडू दिला. आपल्या हिशेबापेक्षा यंत्राचे म्हणणे खरे मानणे हे बोलावयास सोपे असले तरी पुस्तक छापून झालेल्या माणसास ते जड जाते.

शेवटचे एंजिन इमानुएल लाउस्टर यांनी काढलेल्या नकाशांवरून तयार झाले. व्यास २५० मिलिमीटर, धाव ४०० मिलिमीटर. १७ फेब्रुवारी १८९७ रोजी म्यूनिकचे प्राध्यापक मोरित्स श्रोटर यांनी त्याची अधिकृत चाचणी घेतली. मिनिटाला १५४ फेऱ्यांवर १७.८ अश्वशक्ती मिळाली. दर अश्वशक्तीस तासाला २३८ ग्रॅम रॉकेल खर्च झाले. म्हणजे इंधनातील उष्णतेपैकी शेकडा २६.२ भागांचे काम झाले. लिंडे यांच्या व्याख्यानातील सहा ते दहा या आकड्यांशी ताडून पाहिले असता चार वर्षांच्या मेहनतीचे फळ कळून येते.

हे एंजिन मात्र शेतावर आणण्याजोगे नव्हते. इंधन फुंकण्यासाठी हवेचा वेगळा कॉम्प्रेसर लागे व त्यामुळे यंत्र अवजड आणि महाग होई. हवेवाचून, केवळ पंपाच्या दाबाने बारीक छिद्रातून इंधन सोडण्याची पद्धत पुढे सुधारत गेली. १९२७ साली जर्मनीतील बॉश कंपनीने असे इंधन-पंप मोठ्या प्रमाणावर तयार करण्यास प्रारंभ केला, आणि लहान, वेगवान डिझेल एंजिनाचा मार्ग मोकळा झाला. विहिरीवरच्या एंजिनातील इंधन-पंप व नोझल ही त्याच घराण्यातील होत.

मापे कशी घेतात

पुढे प्रायोगिक एंजिन हे एक स्वतंत्र शास्त्रच झाले. इंग्लंडमध्ये हॅरी रिकार्डो यांनी १९१९ साली साडेचार इंच व्यासाचे व आठ इंच धावेचे एंजिन योजले. ते चालू असतानाच त्याचा सिलिंडर वर-खाली करून हवा किती पट आकसावी हे बदलता येत असे. इंधन तेच, वेग तोच, पाणी तेवढेच गरम; बदल फक्त दाबाचा. पेट्रोल कोणत्या दाबास ठोका देऊ लागते हे त्यावर प्रथमच नेमके कळले. अमेरिकेत वॉकेशॉ येथील कारखान्याने १९२९ च्या सुमारास याच तत्त्वावर केलेले सव्वातीन इंच व्यासाचे एंजिन तर इंधनाची प्रत ठरविण्याचे जागतिक माप होऊन बसले. पेट्रोलचा ऑक्टेन अंक आजही अशाच एका सिलिंडरच्या एंजिनावर ठरवितात.

चाचणीच्या जागी मापे थोडीच, पण काटेकोर घेतात. एंजिन किती ओझे ओढते हे ब्रेकवर कळते. साध्या प्रयोगशाळेत चाकाभोवती दोर गुंडाळून एका टोकास वजने व दुसऱ्यास काटा लावतात. ठरावीक माप इंधन किती सेकंदांत संपले ते घड्याळ लावून पाहतात. आत येणारी हवा, बाहेर जाणारे पाणी आणि धूर यांचे तापमान टिपतात. सिलिंडरातील दाबाची रेघ पूर्वी इंडिकेटरची पेन्सिल कागदावर काढीत असे. आता ते काम विजेवर चालणारी यंत्रे व संगणक करतात. पाणी व वंगण ठरावीक उष्णतेस आल्यावाचून कोणतेही माप खरे धरीत नाहीत. घाईने घेतलेल्या मापापेक्षा माप न घेतलेले बरे, कारण ते निदान फसवीत तरी नाही.

पंपाचे एंजिन प्रयोगशाळेत

येथे एक मौजेची गोष्ट सांगितली पाहिजे. प्रयोगशाळेतून निघून शेतावर गेलेले एंजिन भारतात पुन्हा प्रयोगशाळेत परतले आहे. पुणे येथे १९४६ साली स्थापन झालेल्या किर्लोस्कर ऑइल एंजिन्स या कंपनीची एक सिलिंडरची एंजिने देशातील अनेक अभियांत्रिकी महाविद्यालयांत प्रयोगासाठी वापरली जातात. त्यांपैकी एका प्रचलित नमुन्याचा व्यास ८७.५ मिलिमीटर, धाव ११० मिलिमीटर व फेरे मिनिटाला १५०० असून, त्यात हवा साडेसतरा पट आकसते आणि शक्ती सुमारे सात अश्वशक्ती मिळते. १८९७ च्या एंजिनाचा सिलिंडर याच्या जवळजवळ तीसपट मोठा होता, पण शक्ती अडीचपटच होती.

या एंजिनांवर करंज, रुई, मोगली एरंड यांच्या तेलांचे प्रयोग झाले आहेत. तेलबियांचा हा विचार नवा नाही. १९०० सालच्या पॅरिस येथील प्रदर्शनात एक लहान डिझेल एंजिन चक्क भुईमुगाच्या तेलावर चालवून दाखविले होते. एंजिनात कोणताही बदल केलेला नव्हता आणि ते इतके सुरळीत चालले की फारच थोड्या लोकांच्या ध्यानात ती गोष्ट आली, असे डिझेल यांनीच पुढे १९१२ साली नमूद केले.

मग शेतकऱ्याने घाण्यावरचे तेल थेट टाकीत का ओतू नये? याचे उत्तर चाचणीच्या मुदतीत आहे. कच्चे वनस्पती-तेल डिझेलपेक्षा सुमारे दहापट दाट असते. काही तास एंजिन त्यावर चालते व मालकास आनंद होतो. पुढे नोझलच्या तोंडाशी कोळशाची खपली बसते, दट्ट्याच्या रिंगा खाचेत चिकटतात, वंगण दाट होते. म्हणून भारतीय मानकानुसार दीर्घ टिकाऊपणाची चाचणी १६ तासांचे एक, अशा ३२ चक्रांची, म्हणजे एकूण ५१२ तासांची असते व तीनंतर एंजिन उलगडून झीज मोजतात. तेलावर रासायनिक प्रक्रिया करून ते पातळ केल्यास पुष्कळ दोष कमी होतात. परंतु प्रदर्शनातील एक दिवस म्हणजे शेतावरील एक हंगाम नव्हे.

विहिरीवरची चाचणी

प्रयोगशाळेतील सर्वच मापे विहिरीवर घेता येणार नाहीत, पण कामापुरती घेता येतात. प्रथम इंधन. एंजिन अर्धा तास चालवून गरम होऊ द्यावे. मग ते थांबवून टाकी खुणेपर्यंत भरावी, नेहमीच्या ओझ्यावर बरोबर एक तास चालवावे, आणि पुन्हा त्याच खुणेपर्यंत भरण्यास किती डिझेल लागले ते लिटरच्या मापाने मोजावे. चांगल्या स्थितीतील एंजिनास दर अश्वशक्तीस तासाला सुमारे २०० ग्रॅम डिझेल पुरते. पाच अश्वशक्तीचे एंजिन पूर्ण ओझ्यावर तासाला सव्वा लिटरच्या आत राहावयास हवे. ते दीड लिटरच्या वर जात असेल तर दोष शोधणे आले.

दाब पाहण्यासाठी एंजिन बंद असता, इंधन तोडून, दाब सोडण्याचा खटका खाली ठेवून फ्लायव्हील हाताने सावकाश फिरवावे. दट्ट्या वर येताना चाक स्प्रिंगप्रमाणे मागे रेटले पाहिजे. ते मऊपणे पुढे सरकले तर हवा निसटत आहे. आउग्सबुर्गप्रमाणे येथेही संशयित दोनच : रिंगा आणि झडपा. रिंगांजवळ थोडे वंगण सोडल्यावर दाब सुधारला तर दोष रिंगांचा समजावा. न सुधारल्यास झडपा घासून बसविण्याची वेळ आली.

धूर काळा निघत असेल तर हवा अपुरी आहे, ओझे अधिक आहे किंवा नोझल इंधन नीट फोडीत नाही. हवेची गाळणी आधी उघडून पाहावी, कारण तिला पैसे पडत नाहीत. निळसर धूर म्हणजे वंगण जळत आहे. गरम झाल्यावरही पांढरा धूर राहिला तर इंधन न जळता बाहेर जात आहे. नोझल बाहेर काढून फवारा तपासताना त्यासमोर हात कधीही धरू नये. त्या दाबाचे तेल कातडीत सुईसारखे शिरते व हात गमावण्याची पाळी येते. १८९७ चे एंजिन रॉकेलवर चालले म्हणून आजच्या एंजिनात रॉकेल मिसळू नये, हेही येथेच सांगितले पाहिजे. आजच्या इंधन-पंपातील बारीक भागांस डिझेलच वंगण पुरविते. रॉकेलने ते लवकर झिजतात.

शेवटी पाणी. डिझेल यांनी प्रारंभी पाणी मुळीच दिले नाही. आपल्याकडे चूक उलट दिशेने होते. पंपाच्या नळातून फाटा काढून विहिरीचे थंडगार पाणी एंजिनात एकसारखे सोडतात आणि बाहेर पडणारे पाणी हातास गार लागले की एंजिन सुखात आहे असे मानतात. गार सिलिंडरात इंधन पुरते जळत नाही, भिंतीवर आम्ल धरते व रिंगा झपाट्याने झिजतात. फाट्यावर तोटी बसवून ती इतकी आवळावी की बाहेर पडणारे पाणी साधारण ६० ते ७० अंश सेल्सिअस, म्हणजे हात धरवणार नाही इतके, गरम राहील. तोटी पुरती बंद मात्र कधी करू नये. तोटी आवळण्यापूर्वीचा एका तासाचा इंधनखर्च व नंतरचा खर्च एकाच वहीत, तारखेसह लिहावा. ही वही एंजिनाच्या पेटीत ठेवली म्हणजे मिस्त्री आल्यावर हत्यारे काढण्यापूर्वी ती त्याच्या हाती देता येते.